प्रमोद की मद?

मे-जूनमध्ये निकाल लागतात आणि आमच्या पांढुर्ण्याचे चौक बदलून जातात. लग्नसराईचे फलक उतरतात आणि त्या मोकळ्या जागांवर लेकरांचे फोटो चढतात. कोट घातलेला मुलगा किंवा हसरी मुलगी, बाजूला कॉलेजचं नाव मोठ्या अक्षरांत, मुलाचं नाव त्याहून जरा लहान, आणि खाली शुभेच्छुक म्हणून काका, मामा, आत्या, मित्रमंडळ यांची रांग. सौंसरलाही तेच. अर्धा मजकूर मराठीत, अर्धा हिंदीत, कारण आपलं बोलणंच तसं. शिवाय मोबाइलवर स्टेटस, गाडीच्या मागच्या काचेवर कॉलेजचं स्टिकर, आणि समाजाच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ.

यात वाईट काय, असं कोणीही विचारेल. खरंच, लगेच नाक मुरडण्यासारखं यात काही नाही. पांढुर्णा जिल्हा झाला तो २०२३ साली. त्याआधी आपण छिंदवाड्याचं एक टोक होतो, आणि शिकायचं म्हणजे नागपूर गाठायचं, नाहीतर इंदूर, नाहीतर कोटा. संत्र्याच्या बागेवर, किराणा दुकानावर, शिलाई मशीनवर चाललेल्या घरातून एखादं लेकरू स्पर्धेत टिकतं, ही साधी गोष्ट नाही. २०२४ साली नीटच्या परीक्षेला २३ लाखांवर मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा देशभरात लाखाच्या थोड्या वर. आयआयटी २३ आहेत, पण त्यांच्या सगळ्या मिळून जागा १८ हजारांच्या आसपास. एवढ्या चाळणीतून आपलं पोरगं खाली उतरलं, तर आईचा ऊर भरून येणारच. तो भरून येऊ नये असं सांगणारा धर्म मला तरी माहीत नाही.

उलट आपल्याकडे या आनंदाला नावच आहे. मैत्री, प्रमोद, कारुण्य, माध्यस्थ या चार भावना तत्त्वार्थसूत्रात सांगितल्या आहेत. त्यातला प्रमोद म्हणजे, आपल्यापेक्षा गुणांनी मोठा असलेला माणूस दिसला की मनाला होणारा आनंद. आणि त्याच परंपरेत, समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात, आठ मदही मोजले आहेत : ज्ञानाचा, पूजेचा म्हणजे मानसन्मानाचा, कुळाचा, जातीचा, बळाचा, ऋद्धीचा, तपाचा आणि देहाचा. पाठशाळेत आपण हे दोन्ही पाठ केलं. प्रश्न इतकाच की चौकात जो फलक लागतो, तो यातला प्रमोद की मद?

दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. दोन्हींत पेढे वाटले जातात. फरक ओळखायचा कसा? मला तीन खुणा सापडल्या, त्या तुमच्यापुढे ठेवते.

पहिली खूण : आनंद ज्याचा आहे, तो त्यात आहे का? आठ मदांच्या यादीत ‘लेकराचा मद’ असा वेगळा शब्द नाही, पण तो ज्ञान आणि कुळ या दोघांच्या मधून आत शिरतो. ज्ञान लेकराचं, कुळ आपलं. रात्री जागून गणितं सोडवली त्यानं, आणि फलकावर घराणं झळकलं. ज्ञानाचा गर्व करणाऱ्याकडे निदान स्वतःचं ज्ञान तरी असतं. आपण दुसऱ्याच्या ज्ञानावर गर्व करतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम काढले. निवड झाल्यावर मुलाची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचं नाव, फोटो जाहिरातीत वापरायचा नाही, असं त्यात आहे. म्हणजे क्लासवाल्यालाही विचारावं लागतं. घरात मात्र कोणी विचारत नाही. ‘अरे, तुझा फोटो चौकात लावू का?’ एवढा एक प्रश्न. किती घरांत विचारला जातो? लेकरू लाजत ‘नको ना’ म्हणतं, आणि आपण ते लाजणं गोड मानून फ्लेक्सवाल्याला फोन करतो.

दुसरी खूण : या आनंदानं कोणी लहान होतं का? समंतभद्रांनी मद ओळखायची कसोटी हीच दिली आहे. गर्वानं जो दुसऱ्या धर्मशील माणसाला खाली लेखतो, तो आपल्याच धर्माला खाली लेखतो, असा त्यांचा आशय. सौंसरच्या एका ओळखीच्या घरातली गोष्ट सांगते. मोठ्याला दूरच्या नावाजलेल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. फलक आला. धाकटा आयटीआय करून वडिलांच्या दुकानात बसणारा. शिडीवर चढून फलकाच्या दोऱ्या बांधल्या त्या धाकट्यानंच. खालून सगळे सांगत होते, ‘थोडं डावीकडे घे रे, भाऊचा चेहरा दिसला पाहिजे.’ पोरगं हसत हसत बांधत होतं. त्याची आई मला म्हणाली, ‘काकू, याचं बी काही तरी लागलं पाहिजे होतं वो एखाद्या वेळी.’ दुकान तो सांभाळतो म्हणून मोठ्याची फी भरली जाते, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. फलकावर मात्र ‘शुभेच्छुक’च्या रांगेत त्याचं नाव शेवटून दुसरं होतं. कोणी त्याचा अपमान केला नाही. कोणी वाईट बोललं नाही. तरी त्या घरातल्या एका मुलाची उंची त्या दिवशी ठरून गेली.

तिसरी खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते : या आनंदात परत येण्याची वाट उघडी राहते का? पांढुर्ण्याच्या स्टेशनावरून गाडीत बसवलेलं प्रत्येक लेकरू तिथे रमतंच असं नाही. कोणाला भाषा जड जाते, कोणाला विषय, कोणाला एकटेपणा. पहिल्या सहामाहीत एखादा विषय राहणं, शाखा बदलावीशी वाटणं, यात जगबुडी नाही. पण एका मुलीनं दिवाळीत आईला सांगितलं की मला हे जमत नाही, मला बी.एस्सी. करायची आहे, तेव्हा आईच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, ‘अगं, पण चौकात फलक लागला होता ना तुझा!’ ती आई दुष्ट नव्हती. तिला लेकीची काळजीच होती. पण फलकानं तिच्या आधी उत्तर दिलं. मुलगी सुट्टी संपायच्या दोन दिवस आधीच परत गेली. कोट्याहून येणाऱ्या बातम्या आपण वाचतो आणि ‘अभ्यासाचा ताण’ म्हणून पान उलटतो. त्या ताणात अभ्यास किती आणि घरच्या गल्लीत परत कोणत्या तोंडानं जायचं ही भीती किती, याचा हिशेब आईबापांनी तरी मांडायला हवा.

आता दुसरी बाजूही मला दिसते, ती लपवणं बरं नाही. सौंसरच्या बाजूच्या एका खेड्यात शेतमजुराच्या मुलीचा फलक लागला होता, नर्सिंगला नंबर लागला म्हणून. त्या गावातून मुलगी बारावीच्या पुढे गेलीच नव्हती. पुढच्या वर्षी त्याच गावातल्या आणखी मुलींचे बाप फॉर्मची तारीख विचारत आले. तो फलक नसता तर? तिथे फलकानं कोणाला लहान केलं नाही, उलट बंद दार किलकिलं केलं. म्हणून ‘फलक लावूच नका’ असा नियम मी करणार नाही. ज्यांना जगानं कधी पाहिलंच नाही, त्यांनी एकदा ‘आम्हीही आहोत’ म्हणणं वेगळं. आणि ज्यांना आधीच सगळे पाहतात, त्यांनी आणखी उंच चढणं वेगळं. एकच कापड, पण एक वाट दाखवतं आणि दुसरं सावली पाडतं.

आपल्याच समाजात याचं मोठं उदाहरण आहे. कर्मवीर भाऊराव पाटील जैन घराण्यात कुंभोजला जन्मले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. सगळ्या जातींची गरीब मुलं वसतिगृहात एका पंगतीला जेवत. मुलांच्या दाण्यागोट्यासाठी पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. ती मुलं त्यांच्या पोटची नव्हती, त्यांच्या कुळाची नव्हती. त्यांच्या शिकण्यानं लक्ष्मीबाईंना जे वाटलं असेल, त्याला प्रमोद म्हणावं. कुळ त्यात कुठेच नाही.

आणि ब्राह्मी-सुंदरी तर आपल्या सगळ्यांना माहीत. ऋषभदेवांनी ब्राह्मीला अक्षरं शिकवली, सुंदरीला अंक. आपल्या कथांमधलं पहिलं शिक्षण मुलींचं आहे. श्वेतांबर परंपरेतल्या कथेत पुढे बाहुबली वर्षभर उभे राहून तप करतात, अंगावर वेली चढतात, तरी केवलज्ञान होत नाही. कारण धाकट्या भावांना वंदन कसं करू, हा मान सुटत नाही. तेव्हा या दोघी बहिणी येऊन सांगतात, भाऊ, हत्तीवरून खाली उतर. शिकलेल्या बहिणींनी शिक्षणाचं हे केलं. त्या हत्तीवर चढल्या नाहीत, भावाला उतरवलं.

म्हणून मैत्रिणींनो, येत्या जूनसाठी माझं म्हणणं थोडकं आहे. आनंद करा, पेढे वाटा, नातेवाइकांना फोन करा. फलक लावायचा असेल तर आधी लेकराला विचारा, आणि त्यानं नको म्हटलं तर ते खरं माना. समाजाच्या सत्कारात मंचावर टक्केवारीनं नको, वयानं बोलवा. पॉलिटेक्निकवाला, इथल्याच सरकारी कॉलेजात जाणारी, दुकानात बसणारा, सगळे एकाच रांगेत. शाल कोणाला कमी किमतीची नको. आणि लेकराला गाडीत बसवताना, डब्याची पिशवी हातात देताना, एक वाक्य नक्की सांगा : ‘जमलं नाही तर घरी ये, दार उघडंच आहे.’ हे वाक्य फलकावर छापता येत नाही. ते आईनंच, फलाटावर उभं राहून, त्याला ऐकू जाईल असं म्हणावं लागतं.