हंबरते, रेकते, डुरकतो

केंदूर गावच्या एखाद्या वस्तीवर पहाटे गोठ्यातून आवाज आला की घरातली म्हातारी अंथरुणातूनच सांगते, "वासरू कुठं गेलं, बघ रं." तिला उठावं लागत नाही. वासरासाठी हंबरणारी गाय वेगळी, वैरणीची वेळ टळली म्हणून ओरडणारी वेगळी. तिच्या कानाला हा फरक आपोआप कळतो.

गाय हंबरते, म्हैस रेकते, बैल डुरकतो, घोडा खिंकाळतो, कोंबडा आरवतो. शाळेत ही यादी पाठ होते, जोड्या लावा म्हणून परीक्षेत येते आणि तिथेच संपते. मला याचं फार वाईट वाटतं. ज्यांच्या तोंडी हे शब्द रुळले, त्यांचं पोट त्या आवाजांवर अवलंबून होतं.

म्हशीचंच घ्या. माजावर आलेली म्हैस रेकते, चारा सोडते, सोट (चिकट स्राव) टाकते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ही वेळ हुकली की पुढचा माज साधारण २१ दिवसांनी. तोवर पेंड-वैरणीचा खर्च चालूच, आणि वेत तेवढं लांबतं. त्यात उन्हाळ्यात पुष्कळ म्हशी रेकतच नाहीत. त्याला 'मुका माज' म्हणतात. मग कानाचा उपयोग नाही. पहाटे आणि रात्री गोठ्यात जाऊन सोट दिसतो का, म्हैस अस्वस्थ आहे का, हे बघावं लागतं. आवाजाची किंमत कळते ती तो आला नाही की.

जवळचं माणूस गेलं की बाई हंबरडा फोडते. तो शब्दही गोठ्यातलाच, वासराला हाका मारणाऱ्या गाईचा. आणि केंदूरपासून फार लांब नाही, जुन्नर तालुक्यात आळे गावी, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी लोक भक्तीने दाखवतात. जनावराच्या तोंडी वेद आले, हे या मुलखानं शतकानुशतकं मनापासून मानलं. जनावराचं ऐकून घ्यायची सवय असलेल्यांनाच हे मानणं जमतं, असं मला वाटतं.

प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना एक विनंती आहे. ही यादी फळ्यावर लिहिण्याआधी पोरांना धारेच्या वेळी एखाद्या गोठ्यात न्या. गाय हंबरली की घरच्या माणसाला विचारू द्या, ती का हंबरली: वासरासाठी, पाण्यासाठी, की माजावर आली म्हणून.