पिठाची वेळ

अलिबागहून रेवदंड्याला जाताना नागाव लागतं. नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीत घर आणि घराला जोडून पर्यटकांसाठी दोन-तीन खोल्या. अशाच एका वाडीत दोन जावा स्वयंपाकाचं बघायच्या. सुरमई, सोलकढी, तांदळाची भाकरी यांत दोघींचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण मे महिन्यात उतरलेल्या पोरांनी पिझ्झाचा धोशा लावला, आणि दोघींनी ठरवलं की तयार बेस आणायचा नाही, पीठ भिजवण्यापासून सगळं घरीच करायचं.

थोरली काटेकोर. तिने नेपल्सच्या पद्धतीची कृती शोधली आणि काटा मांडला. अर्धा किलो मैदा, 325 मिलिलिटर पाणी, 10 ग्रॅम मीठ, 3 ग्रॅम यीस्ट. मळून मळून पीठ तुळतुळीत केलं आणि कृतीत लिहिल्याप्रमाणे तीन तासांसाठी झाकून ठेवलं. धाकटीने त्याच काट्यावर सगळं तेवढंच घेतलं. फक्त पाणी जरा हातचं राखलं, कारण समुद्रकाठच्या दमट हवेत मैदा आधीच ओल धरून असतो. मग ती अधूनमधून फडकं उचलून बघत राहिली. सव्वा तासातच पीठ दुप्पट झालं. पिठी लावलेलं बोट तिने गोळ्यात खुपसलं. खळगा सावकाश अर्धा भरून आला आणि तिथेच थांबला. तिने लगेच गोळे करायला घेतले.

"अगं, तीन तास लिहिलेत," थोरली म्हणाली.

"पण वहिनी, हे तयार झालंय."

तीन तासांनी थोरलीने फडकं काढलं, तर पीठ फुगून खाली बसलेलं, आणि वास ताडीसारखा आंबूस. थापायला जावं तर फाटे. भाजलं तरी रंग येईना, कारण पिठातली साखर यीस्टने केव्हाच संपवली होती. तिचे डोळे भरून आले. "मी एक ग्रॅमही चुकले नव्हते."

"मापात नाहीच चुकलीस," सासूबाई जवळ येऊन म्हणाल्या. "पण कृती लिहिणाऱ्याच्या घरची हवा आपल्या घरात कशी येईल? वड्यांचं पीठ तू थंडीत जास्त वेळ ठेवतेस आणि उन्हाळ्यात कमी. तेव्हा कुणाला विचारतेस? दुसऱ्याचं माप जरूर घ्यावं बाळ, पारख मात्र आपली लागते."

सासूबाईंनी नेपल्स पाहिलेलं नाही, पण त्यांचं म्हणणं तिथल्या भट्टीवाल्यालाही पटलं असतं. त्या पिझ्झाकारांची कला युनेस्कोने 2017 मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, आणि त्या कलेचा मोठा भाग पीठ हाताने ओळखण्याचाच आहे. हवा तापली की तेही यीस्ट कमी करतात. लाकडाच्या भट्टीत त्यांचा पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत होतो. घरच्या ओव्हनला तेवढी आच नसते, म्हणून तिथली वेळही इथे चालत नाही.

दुसऱ्या दिवशी थोरलीने पुन्हा पीठ भिजवलं. काटा तिने सोडला नाही, आणि ते योग्यच केलं. यीस्ट निम्मं घेतलं, घड्याळ बाजूला ठेवलं आणि बोट लावून बघत राहिली. धाकटीने पडवीतल्या माळेतला पांढरा कांदा ओढून काढला. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढलेला हा अलिबागचा कांदा, तिखटपणा कमी आणि गोडवा जास्त. पातळ चकत्या, टोमॅटोचा घट्ट रस, थोडं चीज, बस्स. 250 अंशांवर तापवलेल्या ट्रेवर पिझ्झा सरकवला, तेव्हा कडा फुगल्या आणि खालून खरपूस डाग पडले. पोरांनी सगळे संपवले.

तुम्ही घरी करणार असाल तर मे महिन्यात यीस्ट कमी घ्या, पावसाळ्यात पाणी हात राखून घाला, आणि कृतीत काहीही लिहिलेलं असो, तासाभराने फडकं उचलून पिठाला बोट लावून बघा.