कोश उघडण्यापूर्वी

परवा एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "महाराज, आता शब्दकोश सुद्धा मोबाइलवर पाहायला मिळतात. मग पाठांतराचा एवढा खटाटोप कशाला?" प्रश्न उर्मटपणाचा नव्हता, म्हणून त्याचा विचार करणे भाग आहे.

प्रथम हे कबूल केले पाहिजे की, संदर्भग्रंथावाचून कोणाचेच चालत नाही. घरचे पंचांगच घ्या. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे वर्षभराची कोणी मुखोद्गत करीत नाही. स्मार्त एकादशी एके दिवशी व भागवत एकादशी दुसऱ्या दिवशी आली, म्हणजे आपण सरळ पंचांग उघडतो आणि भागवत एकादशी धरतो. यात कमीपणा कसला? मात्र पंचांग दिवस सांगते; उपवास आपला आपणच करावयाचा असतो.

कोशाचेही तसेच. अमरकोश आम्ही लहानपणी पाठ केला. त्यात एकट्या 'हरि' शब्दाचे अर्थ किती! विष्णू, इंद्र, सूर्य, चंद्र, वारा, सिंह, घोडा, पोपट, वानर, साप आणि चक्क बेडूक! अमरसिंहाने हे सारे एका श्लोकात मांडून ठेवले. त्यांतला कोणता अर्थ कोठे घ्यावयाचा, हे प्रकरण पाहून वाचणाऱ्याने ठरवावे. ते काम कोश करीत नाही.

आता आमचीच एक फजिती सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात आमचे कीर्तन होते. निरूपणात 'पढियंता' हा शब्द आला. आम्ही संस्कृत पढलेले. तेव्हा 'पढियंता म्हणजे पढलेला, विद्वान' असे ठासून सांगितले आणि देवाला विद्वान कसा लागतो, यावर अर्धा घटका बोललो. लोकांनी माना डोलावल्या. कीर्तन सुटल्यावर एक म्हातारे टाळकरी जवळ आले. पाया पडून हळूच म्हणाले, "बुवा, आमचे वडील त्याचा अर्थ आवडता असा सांगायचे." आम्ही हसून वेळ मारून नेली. पण रात्री झोप येईना.

उतरलो होतो त्या घरी दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग होते. पहाटे उठून पाहिले. पढियंता म्हणजे आवडता, प्रिय! म्हातारबांचेच खरे होते. ज्या शब्दाने भक्ताचे प्रेम सांगितले, त्याच्याआडून आम्ही स्वतःच्या विद्वत्तेची आरती ओवाळून घेतली होती. त्या संध्याकाळच्या कीर्तनकारांना विनवून, कीर्तनापूर्वी उभे राहून आम्ही ती चूक सर्वांसमक्ष सांगितली. पाय कापत होते. पण खाली बसल्यावर छातीवरचा धोंडा उतरला.

भाविकहो, यात चुकले कोठे? कोश जवळ नव्हता म्हणावे, तर तो त्याच घरात होता. पाठांतर कमी म्हणावे, तर गीतेचा बारावा अध्याय आम्हांस मुखोद्गत होता. भगवान तेथे भक्ताला पुनःपुन्हा प्रिय म्हणतात. ते आठवले असते तरी शंका आली असती. पण शंकाच आली नाही, कारण आम्हांस ठाऊक आहे याची खात्री होती. कोशात सर्व शब्दांचे अर्थ सापडतील. 'आपले चुकत असेल' हा विचार मात्र आपण घरून घेऊन जावा लागतो. तो नसेल तर सात विभाग कपाटात असले काय आणि मोबाइल खिशात असला काय, सारखेच.

म्हणून त्या मुलास आम्ही सांगितले, "बाळ, हरिपाठ कंठात असू दे. वारीत पावसाने भिजत चालताना किंवा घरात कोणाचा शेवटचा श्वास चाललेला असताना पुस्तक शोधायला सवड नसते. शब्दाचा अर्थ, संतांचा शक, एकादशीची तिथी हे मात्र पाहूनच बोल. आणि पाहायला उशीर झाला, चूक झाली, तर ज्यांच्यापुढे झाली त्यांच्यापुढेच कबूल कर."

ते म्हातारबा आज नाहीत. त्यांना अक्षरओळख नव्हती, असे मागाहून कळले. आम्ही अजूनही कोश उघडतो तेव्हा ते पाठीशी उभे आहेत असे वाटते.