दुःखाची रांग

'तुले कायचं टेन्शन हाय बे? खाऊन-पिऊन सुखी तं हायेस.' आमच्या रिसोडात अकरावी-बारावीचं पोरगं तोंड पाडून बसलं की हे वाक्य हमखास येतं. बोलणारा वाईट नसतो. त्याच्या डोक्यात हिशोब असतो: सोयाबीनला भाव नाही, बँकेचं कर्ज आहे, तरी बाप उभा आहे, मग याला काय धाड भरली?

शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 साली केंद्राचं पॅकेज आलं, त्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत वाशीम होता. आज अकरावीत असलेली मुलं त्यानंतर जन्मली. दुःख म्हणजे बापाचं, हे ती घरातच शिकली. म्हणून तो हिशोब पोरगं स्वतःच करतं. 'बाबांपुढं माझं काय?' म्हणून गप्प राहतं.

या गप्प राहण्यात माया आहे. तरी मला ते चूक वाटतं. ऑफिसात आम्ही बग्सना प्रायॉरिटी लावतो, कारण माणसं कमी आणि वेळ कमी. घरातल्या दुःखांची अशी रांग का लावायची? शिवाय डिप्रेशन कारणाच्या मापानं येत नाही. कर्ज नसलेल्या घरात येतं, पहिल्या नंबरच्या पोरीलाही येतं.

ते पटकन ओळखूही येत नाही. या वयात रडण्याऐवजी बरेचदा चिडचिड दिसते. झोप बिघडते, मित्र तुटतात, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. रात्री दोनपर्यंत रील्स. घरचे म्हणतात, मोबाइलनं बिघडवलं. कधी कधी मोबाइल हाच त्याला सापडलेला उपाय असतो, डोकं थोडा वेळ बंद ठेवायचा. उपाय वाईट, पण धडपड खरी.

निम्हान्सच्या 2015-16च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या 7.3 टक्के मुलांत कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला होता. साठच्या वर्गात चार जण.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. बापाला हे झेपणार नाही, असं पोरगं परस्पर ठरवून टाकतं. रानडुकरांपासून पीक राखायला जागलीला जाणारा माणूस पोरासाठी एक रात्र जागणार नाही, हे त्याला न विचारताच?

काही बाप खेकसतीलही. मग मामा आहे, आजी आहे, एखादे सर आहेत. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. 'मला डिप्रेशन आहे' हे वाक्य आपल्याकडं घरात तोंडातून निघत नाही. 'बाबा, झोप लागून नाही राह्यली,' एवढं निघतं. सुरुवातीला तेवढं पुरतं.