अटन आणि स्थानवंदन : गंगातीराहून ऋद्धिपुरापर्यंत

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी साधनवंतास निरूपिलेल्या आचारात अटनास मोठे स्थान आहे. विजन, भिक्षा आणि स्मरण ह्यांच्याशी ते असे गुंफलेले आहे की, त्यांतील एक सोडून दुसरे आचरू म्हणणाऱ्याच्या हातून तिसरेही निसटते. तथापि अटन म्हणजे काय, ह्याविषयी मार्गातील भिक्षूंमध्ये व वासनिकांमध्ये पुष्कळ घोटाळा आढळतो. स्थानवंदनासाठी पायी निघालेल्या संघास लोक ‘यात्रा’ म्हणतात, आणि हळूहळू संघातील मंडळीही तसेच समजू लागतात. यात्रेस एक निघण्याचे ठिकाण असते, एक पोचण्याचे असते, आणि पोचल्यावर घरी परतणे असते. अटनास ह्यांपैकी काहीच नाही. स्वदेशाचा संबंध, स्वग्रामाचा संबंध आणि विशेषेकरून संबंधियांचा संबंध तुटावा म्हणून ते सांगितले आहे. ज्याला परतण्याचे घर आहे त्याचे चालणे ही यात्रा झाली. ज्याने ते घर मनातून सोडले, तो दोन कोस चालला तरी अटनास लागला.

येथे कोणी शंका घेईल की, मग स्थानवंदन हे अटनाच्या विरुद्ध पडते काय? स्थान हे तर एका ठिकाणी असते, आणि तेथे जावयाचे असे मनात धरूनच भिक्षू निघतो. ह्या शंकेचे समाधान स्वामींच्या चरित्रातच सापडते. भडोचचे हरिपाळदेव रामटेकाच्या यात्रेसाठी निघाले. ती यात्रा रीतसर होती, स्थळ ठरलेले होते. परंतु वाटेत ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंचे दर्शन झाले, आणि रामटेकाचे प्रयोजनच संपले. पुढे लीळाचरित्राच्या एकांक भागात जे दिसते ते निखळ एकाकी परिभ्रमण होय. म्हणजे स्थळ मनात धरून निघणे हा दोष नव्हे. संबंध भेटल्यावरही स्थळाचाच हट्ट धरणे हा दोष होय. हा विचार पुढे आणखी कामास येणार आहे.

असन्निधानात मार्गाचे पहिले मोठे चालणे कोणते? स्वामी उत्तरापंथे गेल्यावर भटोबास आणि भक्तजन ऋद्धिपुरी श्रीप्रभूंच्या सन्निधानी गेले व सेवेस राहिले, तेच. ज्यांच्या मागून रोज चालले ते पुढे दिसत नाहीत, आणि पाय तर चालवावयाचे आहेत, अशी ती वाट होती. आजही जो भिक्षुसंघ गंगातीराहून ऋद्धिपुराकडे पायी निघतो, त्याने ती वाट आपलीच समजावी. अंतर तीनशे किलोमीटरांहून अधिक आहे. वृद्ध व तपस्विनी बरोबर असतील तर तीन आठवड्यांहून कमी दिवस धरू नयेत.

डोमेग्रामाहून पैठणास येणाऱ्यास आरंभीच एक कठीण प्रसंग पडतो. १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या नाथसागरात गंगाकाठची अनेक जुनी गावठाणे गेली. मुनिव्यासांच्या नावावर असलेल्या स्थानपोथीत स्थान दाखविण्याची रीत अशी की, गावाच्या कोणत्या दिशेस, कोणत्या देवळाच्या कोणत्या अंगास, दार कोणीकडे, तेथे आसन की वसति की अवस्थान, हे थोडक्या शब्दांत नेमके सांगावयाचे. परंतु गावच जेथे राहिले नाही तेथे उजवे-डावे कोठून मोजावे? काही जण अशा ठिकाणी काठावर उभे राहून अंदाजाने हात जोडतात व पुढे निघतात. काही जण म्हणतात, स्थान पाण्याखाली गेले, आता तेथे वंदन नाही. ह्या दोहोंतही घाई आहे. भूमीला जो संबंध घडला तो पाण्याने धुतला जात नाही. परमेश्वराच्या श्रीचरणांचा स्पर्श हे झालेले आहे, आणि झालेले न झालेले होत नाही. म्हणून काठावर बसावे, तेथील लीळा कोणा जाणत्याकडून पूर्ण ऐकावी, मग दंडवत घालावे. मूळ लीळाचरित्राची पोथीही खालशाच्या धाडीत नाहीशी झाली होती, आणि मार्गाने ती स्मरणातून पुन्हा उभी केली. पाठभेद झाले हे खरे, परंतु लीळा राहिल्या. पाण्याखालच्या स्थानाचे तसेच आहे. ते जाणणारी वृद्ध माणसे जोवर आहेत तोवर त्यांना विचारून जागा लिहून ठेवण्याचे काम मात्र झाले पाहिजे. ह्या कामात मार्गाकडून हयगय झाली आहे, हे स्पष्ट म्हणावयास हवे.

पैठणाहून खाली पांचाळेश्वरी आत्मतीर्थ. श्रीदत्तात्रेय प्रभूंचे हे स्थान गंगेच्या पात्रातच आहे, पाणी चढले म्हणजे वंदन करणाऱ्यास थांबावे लागते. दोन दिवस थांबावे लागले तर संघात चुळबुळ सुरू होते, पुढचे मुक्काम ठरले आहेत, अमक्या गावच्या वासनिकांनी अन्नाची सिद्धता केली आहे, असे निरोप येतात. आरंभीच असे थांबणे घडले तर ते भाग्यच समजावे. मुक्काम आणि दिवस ह्यांवरची आपली मालकी तेथेच थोडी सैल होते.

आता दिवसांचा क्रम पाहू. पहिल्या दिवशी पाय हलके आणि तोंड मोकळे असते. जयघोष होतो, गावकरी सामोरे येतात, आणि गाव सोडल्याचे दुःख कोणालाच होत नाही, कारण ते अद्याप सुटलेलेच नसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाचेला फोड येतात, पोटऱ्या धरतात, झोळीचा पट्टा खांद्याला काचतो. ह्या दिवशी प्रत्येक जण आपल्या देहाविषयी बोलतो. चवथ्या-पाचव्या दिवशी बोलणे कमी होते. आणि मग सहाव्या-सातव्या दिवशी काय होते? देहाचे गाऱ्हाणे मागे पडते आणि घर पुढे येते. वासनिकास शेतातली तूर व वेचणीस आलेला कापूस आठवतो, भिक्षूस मठातली आपली जागा, आपला कोनाडा, आपली पोथी आठवते. मागे टाकलेला ग्राम ह्या दिवशी खरोखर भेटावयास येतो. आधी तो भेटलाच नव्हता, तर सोडणार कसा? म्हणूनच थोड्या दिवसांच्या चालण्यातून अटनाचा अर्थ कळत नाही. जे चवथ्या दिवशी वाहनाने परततात ते फोड घेऊन परततात.

नामस्मरणाचाही असाच अनुभव आहे. आरंभी ते पावलांच्या तालावर चालते आणि साधकास वाटते की स्मरण साधले. सपाट रस्त्यावर कोणताही शब्द तालावर चालतो. चढ लागला, ऊन चढले, मागून मालमोटार अंगावर आली, की ताल मोडतो. त्यानंतर जे उरते ते स्मरण.

पहाटे निघण्याविषयी मार्गात मतभेद आहे, त्याचा निर्णय येथे करणे अवश्य आहे. उन्हाच्या भयाने अनेक संघ रात्री तीनलाच निघतात. सोय मोठी आहे ह्यात संशय नाही. परंतु अंधारात पायांखाली काय येते हे दिसत नाही. रस्त्याच्या कडेची गोगलगाय, मुंग्यांची रांग, पावसाळा सरल्यावरचे बेडूक, ह्यांची गणती कोण करणार? पारध्यांच्या भयाने पळालेला ससा स्वामींच्या जानूखाली शिरला, ती लीळा सर्वांस मुखोद्गत आहे. स्वामींनी त्या मुक्या जीवास अभय दिले, आणि पारध्यांच्या मनातही दया उत्पन्न केली. त्या लीळेचे निरूपण रात्री करून पहाटे अंधारात शेकडो पावले टाकीत निघावे, हे विसंगत होय. उदयास निघावे, ऊन चढताच झाडाखाली थांबावे, तिसऱ्या प्रहरी पुन्हा चालावे. मुक्काम एक-दोन वाढतील, तेवढे वाढू द्यावेत.

भिक्षेविषयी थोडेच सांगावयाचे. आता गावोगावचे वासनिक मंडप घालून पंक्ती वाढतात, आणि त्यांच्या भावास नाकारणे कठोरपणाचे होते. तरी दिवसातून एकदा भिक्षूने झोळी घेऊन अनोळखी दारी जावे. कोरभर भाकरी, कोठे पिठले, कोठे शिळा भात, सगळे एकाच झोळीत मिसळते, आणि ते नदीकाठी नेऊन आरोगणा केली म्हणजे कोणत्या घरचे कोणते हे कळत नाही. ओळखीच्या मंडपात हे घडत नाही.

लोणारकडे जाताना पूर्णा ओलांडावी लागते, मेहकरास पैनगंगा लागते, आणि पुढे वऱ्हाडात उतरल्यावर पुन्हा पूर्णेचे खोरे लागते. पहिली पूर्णा गंगेस मिळणारी, ही दुसरी तापीस मिळणारी. लोणार व मेहकर ही दोन्ही गावे स्वामींच्या श्रीचरणांनी अंकित आहेत. ह्याच पट्ट्यातून समृद्धी महामार्गही गेला आहे. २०२२ साली त्याचा नागपूर ते शिर्डी भाग खुला झाला. त्यावर पायी चालणाऱ्यास मज्जाव आहे. वाहन तीन आठवड्यांची वाट काही तासांत तोडते, पायी चालणाऱ्यास मात्र त्या रस्त्याखालच्या बोगद्यातून गाडीवाट धरावी लागते. वाहनाने जाऊन केलेले वंदन वंदन नव्हे, असे मात्र कोणी म्हणू नये. पंजाबातील जयकृष्णी बंधू दूरच्या देशातून आगगाडीनेच येतात, आणि ओट्यासमोर त्यांच्या डोळ्यांस जे पाणी येते ते मैल मोजून आलेले नसते. आपण किती किलोमीटर चाललो हे सांगत सुटणारा मनुष्य त्या चालण्याचे फळ मागू लागलेला असतो, आणि फळ मागितले की ते कर्म देवताफळाच्या वाटेस लागते.

आता ह्या लेखाचा मुख्य विषय. दहाव्या-बाराव्या दिवसाच्या सुमारास एखाद्या संघात एखादा भिक्षू तापाने पडतो. बाभळीच्या सावलीत त्यास निजवितात. मुक्कामाचे गाव अजून दोन कोसांवर असते, आणि पुढील स्थानी ठरल्या दिवशी महापूजा असते. संघ काय करतो? बहुधा एका वासनिकास त्याच्याजवळ ठेवून, औषधाला पैसे देऊन, सर्व जण पुढे निघतात. निघताना हळहळतात, आणि वंदन चुकू नये म्हणून निघालो असे म्हणतात.

ह्या वागण्याचा शास्त्रदृष्टीने विचार केला पाहिजे. असन्निधानी जीवास जी चार साधने सांगितली आहेत ती स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक. ह्यांत स्थान हे आहे तसाच भिक्षुकही आहे. संघ ज्या स्थानासाठी पुढे धावला त्याच कोटीचे साधन बाभळीखाली तापाने कण्हत होते. म्हणजे एक साधन टाकून दुसऱ्याकडे जाणे घडले, आणि जे टाकले ते बोलणारे, तहानलेले होते. ओटा दोन दिवस थांबतो. तो आजवर थांबलाच आहे. तापातला मनुष्य थांबत नाही.

कोणी म्हणेल, पन्नास माणसांनी एकासाठी का खोळंबावे? दोघे राहिले म्हणजे सेवा झाली. हे व्यवहारास धरून आहे, आणि पन्नासांनी त्याच्या भोवती बसून राहावे असा आग्रहही नाही. परंतु कोण राहिला हे पाहावे. बहुधा संघातला सर्वांत लहान, ज्याला नाही म्हणता येत नाही, तोच मागे ठेवला जातो. अधिकरणाने स्वतः राहावे, किंवा जो स्थानवंदनास सर्वांत उत्सुक आहे त्याने राहावे. रामटेकासाठी निघून ऋद्धिपुरी थांबण्याचा जो अर्थ वर सांगितला तो येथे आचरणात येतो. भेटलेला संबंध ओळखून ठरलेली वाट जागच्या जागी सोडता आली, तर अटन घडले. एरवी ऋद्धिपुरापर्यंत पायांनी जाऊनही ती यात्राच राहिली.

आजारी भिक्षूविषयीही एक सांगणे आहे. माझ्यामुळे संघाचे वंदन चुकले ह्या खंतीने तो सेवा नाकारतो, उठून चालू पाहतो, आणि दुखणे वाढवून घेतो. सेवा घेणे हेही त्याच्या वाट्यास आलेले साधन आहे. घरची माणसे सोडून आल्यावर परक्याच्या हातचे पाणी निर्लज्जपणे पिता येणे, हा संबंधियांच्या त्यागाचाच अवघड भाग होय. ज्याला आपल्या लेकीसुनांच्या हातचेच औषध उतरते त्याने ग्राम सोडलेले नाही.

शेवटच्या दिवशी ऋद्धिपूर जवळ आले की पावले आपोआप भरभर पडतात, पुढचे मागच्यांस सोडून जातात, आणि संघ रस्त्यावर लांबच लांब ताणला जातो. अलीकडच्या एखाद्या गावी अखेरची वसति करावी. त्या रात्री श्रीप्रभूंच्या लीळा ऐकाव्यात, आणि उदयास सर्वांनी मिळून, वृद्धांच्या पावलाने, गावात शिरावे. राजमठात दंडवत घालताना मागे राहिलेल्यांची नावे घ्यावीत. दोन-तीन दिवसांनी ते आजारी बंधू सोबत्यांसह एस.टी.ने उतरतात. त्यांना घ्यावयास स्टँडवर संघातील कोणी तरी असावे, आणि त्यांच्याबरोबर सर्वांनी पुन्हा एकदा पहिल्या स्थानापासून वंदनास निघावे.