गेलेल्या माणसाचा काळ

विल्यम वर्ड्‌स्वर्थला १७९३ साली वाय नदीकाठच्या गुडरिच किल्ल्याच्या आवारात एक लहान मुलगी भेटली. त्या भेटीतून पुढे ‘वी आर सेव्हन’ ही त्याची कविता आली. ती १७९८ मध्ये छापली गेली. कवितेतली मुलगी आठ वर्षांची आहे. तुम्ही भावंडं किती, या प्रश्नाला ती सात असं उत्तर देते. दोघं कॉनवेला राहतात, दोघं समुद्रावर गेलीत, जेन आणि जॉन ही दोघं चर्चच्या आवारात पुरलेली आहेत आणि ती स्वतः आईजवळ असते. विचारणारा मोठा माणूस वजाबाकी करून पाच हा आकडा तिच्या गळी उतरवू पाहतो. ती बधत नाही. दारापासून बारा पावलांवर त्या दोन कबरी आहेत. तिथे बसून ती मोजे विणते, रुमाल शिवते, उजेड असला तर संध्याकाळचं वाडगंही तिथेच घेऊन जाते.

दोघांमधला सगळा वाद एका ‘आर’वर आहे. मोठ्या माणसाला तिथे ‘वेअर’ हवं आहे.

ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीन. शाळेत इंग्रजी शिकणारं मूल हे सगळं घोकून पाठ करतं, कारण नियम लावून यातलं काहीच हाती लागत नाही. ही रूपं मुळात एका घरातली नाहीतच. ‘इज’ हे संस्कृत ‘अस्’ धातूचं दूरचं भावंड, ‘बी’ हे ‘भू’चं, आणि ‘वॉज’ हे ‘वस्’चं, म्हणजे मुक्काम करणं, राहणं. माणूस गेला की इंग्रजीत प्रत्यय बदलून भागत नाही, धातूच बदलावा लागतो. आणि तो कधी बदलायचा, हा प्रश्न व्याकरणाच्या पुस्तकाबाहेरचा आहे.

मत्तयच्या शुभवर्तमानात बाविसाव्या अध्यायात हाच प्रश्न येतो. सदूकी पंथाचे लोक मेलेली माणसं पुन्हा उठतात हे मानत नसत. त्यांनी येशूला पेचात पकडण्यासाठी एकामागून एक सात भावांशी लग्न झालेल्या बाईचं उदाहरण पुढे केलं. येशूने उत्तरात जळत्या झुडपातून मोशेशी बोललेल्या देवाचा दाखला दिला. अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचा आपण देव आहोत, असं तो देव सांगतो. होतो असं म्हणत नाही. मोशेच्या काळी हे तिघं कधीच मातीआड झालेले होते. तरी देव त्यांच्याशी असलेलं नातं वर्तमानात सांगत असेल, तर ती माणसं त्याच्या लेखी जिवंतच असली पाहिजेत, असा हा युक्तिवाद. झुडपाची ही गोष्ट सांगणाऱ्या निर्गम या ग्रंथातल्या मूळ हिब्रू वाक्यात मात्र ‘आहे’ असं क्रियापदच नाही, कारण हिब्रूत वर्तमानकाळी त्याची गरज पडत नाही. ग्रीकमध्ये ते आलं आणि इंग्रजीत ‘ॲम’ झालं. तरीही युक्तिवाद उभा राहतो, कारण त्याचा भार क्रियापदापेक्षा नात्यावर जास्त आहे.

सहाव्या शतकात, तुरुंगात मृत्यूची वाट पाहत असलेल्या बोएथिअस या तत्त्वज्ञाने हा विचार पार टोकाला नेला. देवाला आधी आणि नंतर असं काही नसतंच. सारा काळ त्याच्यासमोर एकदम, अखंड उभा असतो. विसाव्या शतकात आइनस्टाइनही जवळपास इथेच पोहोचला. जिवलग मित्र मिकेले बेसो १९५५ च्या मार्चमध्ये गेला, तेव्हा त्याच्या घरच्यांना लिहिलेल्या पत्रात आइनस्टाइनने भूत, वर्तमान आणि भविष्य हा भेद एक चिवट भास असल्याचं लिहिलं. त्यानंतर महिन्याभरातच तोही गेला.

या सांत्वनात मोठेपण आहे, पण दुःखाचा हिशेब त्यात बसत नाही. न्यूझीलंडमध्ये जन्मलेला तर्कशास्त्रज्ञ आर्थर प्रायर याने १९५९ मध्ये एका छोट्या लेखात हे नेमकं पकडलं. एखादं संकट टळलं की माणूस ‘सुटलो एकदाचा’ असं म्हणतो. तो सुटकेचा श्वास तारखेसाठी नसतो. संकट अमुक दिवशी संपतं हे आधीही खरं होतं आणि नंतरही खरंच राहणार. मग आदल्या दिवशी हायसं का वाटलं नाही? ते आता मागे पडलं, एवढ्याचाच तो आनंद. शोकाचंही तसंच आहे. आई अमुक साली गेली हे वाक्य कॅलेंडरवर कायमचं खरं असतं, पण रडू येतं ते ती आता नाही म्हणून. काळाचा भेद केवळ भास मानला, तर हे रडूही चुकीचं ठरवावं लागेल, आणि ते कुणालाही पटू नये.

मग कवितेतली ती मुलगी चुकली का? इथे मध्ययुगातला एक वाद उपयोगी पडतो. झालेलं न झालेलं करणं देवाला शक्य आहे का, यावर पीटर डेमियन या संन्याशाने अकराव्या शतकात एक लांबलचक पत्र लिहिलं आणि देवाच्या सामर्थ्याला मर्यादा घालायला तो तयार झाला नाही. दोनशे वर्षांनी थॉमस अक्वायनसने स्पष्ट नकार दिला: जे होऊन गेलं ते झालंच नाही असं देवही करू शकत नाही, कारण त्यात उघड विसंगती आहे. देवावरच्या चर्चेत आलेली ही मर्यादा मेलेल्यांच्या मात्र फार कामाची आहे. ‘इज’चा ‘वॉज’ होतो. पण ‘हॅज बीन’ पुसायचा अधिकार कुणालाच उरत नाही. जेन आणि जॉन जन्मले, त्या मुलीबरोबर खेळले, आणि हे खरं असणं आजही वर्तमानातलंच आहे.

जगण्याच्या व्यवहारात दोन्ही रूपं लागतात. निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाला दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. तिथे ‘आहे’ की ‘होता’ यावर घरात येणारे पैसे ठरतात आणि तिथे दुसरं काही चालणारही नाही. पण त्याच घरातल्या मुलीला कुणी वडिलांचं नाव विचारलं, तर वडील जाऊन वीस वर्षं झाली असली तरी ती नाव सांगते आणि पुढे ‘आहे’ असंच म्हणते. तिला कुणी दुरुस्त करत नाही.