मुखपृष्ठावरची सही

आयुष्याच्या शेवटी लिहिलेल्या सोनाटांच्या मुखपृष्ठावर क्लोद दब्युसी आपल्या नावाखाली 'फ्रेंच संगीतकार' असं छापून घेई. पहिलं महायुद्ध पेटलेलं, फ्रान्सचा मोठा मुलूख जर्मन फौजांच्या ताब्यात. पन्नाशी उलटलेल्या, कर्करोगाने खंगलेल्या माणसाला बंदूक धरणं शक्य नव्हतं, तेव्हा त्याने सहीचंच हत्यार केलं. समजण्यासारखं आहे. तरी मला ती सही खटकते. सुरांनी नागरिकत्वाचा दाखला का म्हणून दाखवायचा?

वेगवेगळ्या वाद्यांसाठी सहा सोनाटा लिहायचा त्याचा बेत होता, तीनच झाल्या. तिसरी, व्हायोलिन आणि पियानोची, १९१७ ची. त्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये कोळसा मिळेना. ज्या कोळसेवाल्याने दब्युसीच्या घरची शेगडी पेटती ठेवली, त्याला त्याने पियानोची एक छोटी रचना लिहून दिली. युद्ध असं घरात शिरलेलं होतं.

सोनाटात मात्र ते शोधूनही सापडत नाही. पियानो हलकेच दोन स्वरसंघात मांडतो, व्हायोलिन जरा थांबून, सावकाश खाली उतरत येतं. मधला भाग तर निव्वळ खोडकर, लहरी. ना नगारा, ना कवायतीचा ठेका. द्वेष त्याला जमत नव्हता असं नाही. १९१५ च्या शेवटी बेघर मुलांच्या तोंडी त्याने नाताळचं गाणं घातलं. शत्रूच्या घरी जाऊ नकोस, असं ती मुलं बाळ येशूला सांगतात. इथे तसलं काही नाही. शेवटच्या भागाने त्याला फार छळलं. आजारी माणूस युद्धकाळात काय लिहू शकतो याचा नमुना म्हणून ही सोनाटा कुतूहलाची ठरेल, असं त्याने एका मित्राला कळवलं. त्या शेवटाची धावपळ ऐकली की हा त्याने स्वतःलाच मारलेला टोमणा वाटतो.

आणि यातलं फ्रेंच तरी किती? आपल्या मींडेची आठवण यावी असे व्हायोलिनचे घसरते सूर ऐकताना मला बुडापेस्टचा रादिच आठवतो. १९१० मध्ये त्या जिप्सी वादकाला ऐकून दब्युसी भारावला होता. त्याआधी, १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात, जावाच्या गॅमलान वाद्यवृंदाने त्याचे कान उघडले होते.

१९१६ मध्ये फ्रेंच संगीताच्या रक्षणासाठी एक संघटना निघाली. हयात जर्मन आणि ऑस्ट्रियन संगीतकारांच्या रचना फ्रान्समध्ये वाजू नयेत, ही तिची मागणी. संगीतकार मोरीस राव्हेलने तिच्यात यायला नकार दिला. तो तेव्हा सैन्यात ट्रक चालवत होता, म्हणजे देशभक्तीचे धडे त्याला कुणी द्यावेत अशी सोय नव्हती. संगीतकार शोनबर्ग ऑस्ट्रियन आहे याने आपल्याला काही फरक पडत नाही, असं त्याने स्वच्छ लिहिलं. माझं मत राव्हेलच्या बाजूने.

५ मे १९१७ ला व्हायोलिनवादक गास्तों पुलेच्या साथीने दब्युसीने ही सोनाटा पॅरिसमध्ये पहिल्यांदा वाजवली, अंध सैनिकांच्या मदतीसाठी. पुढच्या मार्चमध्ये, शहरावर जर्मन तोफांचे गोळे पडत असताना, तो गेला. आज जर्मन व्हायोलिनवादकही ही सोनाटा वाजवतात. मुखपृष्ठावरच्या त्या दोन शब्दांनी त्यांचं काही अडत नाही.